रोगाच्या रकान्यात कावीळ

सोम. २० जाने.
दार उघडायच्या आधीच एक बाई पायरीवर बसलेली. आटपाडीकडची, मेंढरांमागची माणसं. बरोबर नवरा, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. बाईच्या काखेत कोंबडी. म्हणाली, "काविळीचं औषध देत्यात त्ये शेड ह्येच न्हवं? ही कोंबडी ठिवा, पर ह्यास्नी बरं करा."
तिला कसं सांगू, बाई, तीन वर्षांत इथे खऱ्या काविळीचा माणूस आज पहिल्यांदा आला.
म्हणालो, "आमचं औषध दुसऱ्या जातीच्या काविळीचं हाय." सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, वडापच्या जीपमध्ये बसवून दिलं. कोंबडी परत घेईना, शेवटी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. नाव म्हाकूबाई. खिडकीतून विचारते, "दुसऱ्या जातीची म्हंजी कसली वो?" वडाप सुटली म्हणून वाचलो.
आत बारा खाटा, बारा काविळी. कुणाची पावडर, कुणाच्या गोळ्या, कुणाची सुई. बाहेरची पाटी 'आरोग्य सेवा केंद्र'. 'व्यसनमुक्ती' हा शब्द आतल्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने.
गुडघा दिवसभर ठणकतोय.

गुरु. २३ जाने.
विलास दोन भाकरी जेवला. महिन्यात पहिल्यांदा मागून घेतली.
हौसाचा थोरला. माझा सख्खा भाचा, चौतिशीचा. ही दुसरी खेप. गेल्या वर्षी अकराव्या दिवशी 'कावीळ उतरली' म्हणून हौसा घेऊन गेली. पुढच्या महिन्यात घरातली पितळी समई विकली त्याने. डॉ. मॅडम सांगलीहून आठवड्याला दोनदा येतात, त्या बजावून गेल्यात, या खेपेला चार महिने पुरे होऊ द्या, मध्ये तोडलंत तर पहिल्यापासून सुरुवात. चार महिने म्हणजे एप्रिलचा शेवट.
आणि शेड चालवणारे पाटोळे सर म्हणतात, शेड मार्चपर्यंत चालेल. सरकारच्या अनुदानाचा दुसरा हप्ता आला तर पुढे. नाही आला तर ३१ तारखेला कुलूप. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, हिशेब सरळ सांगतो.
वि.ला गलाईला, सोनं-चांदी गाळायच्या कामाला, मीच नेला. मद्रासकडे, वयाच्या सतराव्या वर्षी. मूस कशी धरायची ते मी शिकवलं. बाकीचं तो तिथेच शिकला, मी पलीकडच्या खोलीत निजलेला असताना. हे वहीत लिहितो. बोलायला तोंड नाही.

बुध. ५ फेब्रु.
तपासणी. जिल्ह्याहून साहेब आले. तरुण पोरगा, घसा बसलेला. चहा नको, कोमट पाणी द्या म्हणाला. खाटा मोजल्या. संडास पाहिले. जमिनीत भोकं कसली विचारलं. म्हटलं, पूर्वी मागाचं शेड होतं, माग इथे आवळलेले. स्वयंपाकघरात नानाच्या डाळीचा वास घेऊन "छान" म्हणाले. नाना फौजेतला आचारी, त्याची छाती दोन बोटं पुढे आली.
मग रजिस्टर मागितलं. ते मी लिहितो.
पानं उलटतात, उलटतात. चष्मा काढला.
"हे 'का.' म्हणजे काय?"
"कावीळ."
"सगळ्यांना?"
"व्हय."
"आणि नावाच्या जागी ही चित्रं? चांद, पिंपळपान, गाडीचं चाक..."
"खुणा हाईत सायेब. मानूस वळखायला."
डॉ. मॅ.चे कागद मागितले. ते खरे आहेत, पण त्यांवर नाव नाही, माझ्या रजिस्टरचा नंबर. नंबरावरून रजिस्टर, आणि रजिस्टरावरून पुन्हा कावीळ.
साहेब रागावले नाहीत. दमल्यासारखे म्हणाले, "बाबा, कावीळ बरी करायला सरकार मला पैसे देत नाही. तुमच्या कागदावर तर या भागात नशा करणारा एक माणूस नाही."
आतून नाना, "मंग झाला की तालुका मुक्त!"
कुणी हसलं नाही.
पहिला हप्ता नुसत्या प्रस्तावावर मिळाला होता. दुसरा तपासणीवर. साहेब 'त्रुटी' लिहून गेले. खरं नाव, आधार, खरा आजार, रोग्याची सही, घरच्याची सही. सगळं काँप्युटरवर. जेवढी माणसं खरी दिसतील तेवढ्यांचा विचार होईल. मार्च संपायच्या आत.

शुक्र. ७ फेब्रु.
सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दोन दिवस स्वतःच चहा करून घेतात.
आज म्हणाले, "बापू, मला वाटायचं का. म्हणजे काळजी."
मी म्हणालो, "तीन वर्सं?"
म्हणाले, "तुमचं अक्षर इतकं चांगलं की मी वाचलंच नाही."
चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. गलाईत गिऱ्हाईकाचं नाव लिहायचं नाही, ही सवय. कुणाची बांगडी वितळली, कुणाचं मंगळसूत्र आलं, गावात कळता कामा नये. पुडीवर खूण काढायची. चांद, पान, चाक. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. खरं लिहायला शिकलो ते त्या पुड्यांवर. आणि इथे पहिला रोगी आला तेव्हा त्याची आई पदर तोंडात धरून उभी. तिला म्हणालो, घाबरू नको, कावीळ लिहितो. महिनाभर निजून राहणं, पथ्याचं खाणं, माणूस सुकलेला, सगळं जुळतं. काविळीला कुणी हसत नाही. सोयरीक मोडत नाही.
ती आई हौसा नव्हे, दुसऱ्याच एका पोराची. हौसा नंतर आली. पण हौसासाठी लिहिताना हात जास्त भरभर चालला, हे खरं.

मंगळ. ११ फेब्रु.
फॉर्म आले. सात पानी. मधे एक रकाना, 'व्यसन सुरू झाल्याचे वय'. नाना वाचून म्हणाला, "माझी तंबाखू धरत्यात का? माझं नऊ."
सरांनी ठरवलं, घरोघर मी जायचं. लोक मला ओळखतात. कावीळबापू म्हणतात पाठीमागे. आज कळलं, तोंडावरही म्हणतात.

सोम. १७ फेब्रु.
पाच घरं झाली.
सुभेदार आधी गेटातच गरजले, "कुणाला इचारून आलासा?" मग फॉर्म घेतला, पोराच्या नावापुढे स्वतःचा हुद्दा पुरा लिहून सही ठोकली. म्हणाले, "लिवा. आता घ्या च्या."
तीन घरांत 'बघू'. एका घरात दार उघडून, मला बघून, परत लावलं.
शेवटी शेवंताकाकू. तिचा धाकटा आमच्याकडे दुसऱ्या खाटेवर. नीट ऐकून घेतलं. हात पुसले. म्हणाली, "बापू, करते सई. पर एक सांगा. तुमच्या भाच्याचा फारम भरला का?"
म्हटलं, भरायचा आहे.
"मंग आदी त्यो भरा. आमी काय पळून जात न्हाई."
उन्हात परत चालत आलो. रिक्षा समोरून गेली, हात करायचं सुचलं नाही.

गुरु. २० फेब्रु.
काही नाही. नुसता थकवा. डोळ्यांत थेंब घातले, दोन खाली, एक आत.
गाडीभाडं थकलंय म्हणून डॉ. मॅ. आज येणार नाहीत असं वाटलं होतं. आल्या. एसटीने. म्हणाल्या, "खिडकी मिळाली, बरं झालं."

रवि. २ मार्च
कुंडलला हौसाकडे.
माळवदावर कुरडया घालत होती. धाकटी रूपा सोऱ्या फिरवतेय. रूपाचं पलूसकडे जमत आलंय. पसंती झाली, सुपारी पाडव्यानंतर. माणसं चांगली. इतकी चांगली की नवरीचा भाऊ काविळीनं आजारी आहे कळल्यावर दर आठवड्याला उसाच्या रसाचा कॅन पाठवतात, काविळीवर गुणकारी म्हणून. कॅन कोपऱ्यात होता. हौसाने त्यातलाच पेला मला दिला. प्यालो.
रूपाला खाली पाठवून विषय काढला. हौसाच्या हातातली कुरडई मोडली. मग,
"दादा, कावीळ तूच लिवलीस. मी सांगितली न्हवती."
"व्हय."
"आन आता तूच पुसतोस?"
"शेड बंद पडंल हौसा. इलास अर्ध्यातनं घरी येईल."
"यील. माज्या घरी यील. तुज्या न्हवं."
मग रडली, मग परत कुरडया. "पोरीचं लगीन होऊ दे. मंग काय बी लिव. गावात दवंडी दे."
लग्न मेमध्ये.
निघताना पिशवीत कुरडया भरून दिल्या. वर म्हणते, "तळून खाऊ नको, गुडघं धरत्यात." भांडून झालं तरी काळजी आहेच.

शनि. ८ मार्च
वि.ला सांगितलं. लसूण सोलत बसला होता, नानाने त्याला ते काम लावलंय. हात थरथरत नाहीत आता.
ऐकून म्हणाला, "मामा, नाव माजं हाय. आईचं न्हाई."
पेन मागितलं, सही केली. सातव्या पानापर्यंत. वयाच्या रकान्यापाशी थांबला. माझ्याकडे न बघता लिहिलं, 'अठरा'.
सतराव्या वर्षी मी नेला.
मी म्हणालो, "इलास, मी शेजारच्या खोलीत होतो रं."
म्हणाला, "म्हाईत हाय. तुमी घोरत होता." आणि हसला. दोन वर्षांत त्याचे दात पाहिले नव्हते. एक पडलाय.

शुक्र. १४ मार्च
धुळवड. सगळ्या खाटांवरची माणसं अंगणात. नानाने हळद पाण्यात कालवली, रंग आणायची परवानगी नाही म्हणून. सगळे पिवळे झाले. सर म्हणाले, "आज साहेब यायला हवे होते. रजिस्टर खरं ठरलं असतं."
हसलो सगळे. पुष्कळ दिवसांनी.
दुपारी मोजलं तर अकरा. शेवंताकाकूचा धाकटा भिंतीवरून गेला. पिवळ्या हाताचा ठसा भिंतीवर. मी पुसला नाही, नानालाही पुसू दिला नाही.

बुध. १९ मार्च
फॉर्म काँप्युटरवर चढवायला गावात गेलो. दुकानातली मुलगी हुशार, बोटं नुसती उडतात. सुभेदारांचा चढला. आणखी दोघांचे. मग वि.चा.
नंबर टाकल्यावर फोनवर सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांत सांगायचे. वि.ने फोन केव्हाच विकला. आधारला नंबर आहे हौसाचा. आणि घरच्याची सही म्हणजे तरी काय, तिचंच होकारपत्र लागणार.
फोन लावला. हौसाने उचलला.
"आकडे आलं बघ."
"आलं."
"सांग."
लांब श्वास. "चार. शून्य. सात."
"पुढं?"
"दादा, हे लिवल्यावर पुसता येतंय का?"
खोटं बोलता आलं असतं. तीन वर्षं तेच केलं. म्हणालो, "न्हाई. पुसता येत न्हाई."
मागे रूपाचा आवाज, "कुणाचा फोन गं आई?" फोन बंद.
मुलगी म्हणाली, "बापू, गेली वेळ."
वि. माझ्याबरोबर आलेला. सर सोडतात आता. बाहेर येऊन माझाच फोन घेऊन परत लावला. मला वाटलं ओरडेल. हळू बोलला, "आई, एकतीसला शेडाला कुलूप पडलं तर मी घरी येतो. मागल्या खेपंसारखाच. रूपाच्या लग्नात मांडवात असंन. बघ, तुला कसा इलास पायजे."
आणि फोन मला दिला. तिकडून नुसता गिरणीचा आवाज.

शनि. २२ मार्च
शेवंताकाकू आली. पोरगा घरी आहे, खोलीत कोंडून घेतलंय. परत आणते म्हणाली, फॉर्म मागून घेतला. मी म्हणालो, भाच्याचा अजून चढला नाही. म्हणाली, "म्हाईत हाय. लिवा आमचा."
मग मला लाज वाटायची ती जास्तच वाटली.
दुपारी नानाची हाक, "बापू, तुमची बहीण!"
हौसा गेटात. एसटीने आलेली, एकटी. हातरुमालात गाठ मारून फोन. दुसऱ्या हातात रसाचा कॅन. आत आली ती सरळ माझ्यापाशी, गाठ सोडली, फोन टेबलावर ठेवला.
"आकडे बोलायला माजी जीभ उचलत न्हाई. घरात भिंतीला कान. तूच बघून घे."
"पलूसच्या माणसांस्नी सांगितलंस?"
"न्हाई. रस धाडत्यात तवर धाडू दे." कॅन खाली ठेवला. "सांगंन. मला जमंल तवा."
सरांनी इथल्या काँप्युटरवरूनच फॉर्म उघडला. होकारपत्रावर तिने सही केली, वळणदार, शाळेतल्यासारखी. तिला सही येते हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "बचत गटात शिकले." आकडे आले, मी वाचले, सरांनी टाकले. 'यशस्वी' असं हिरवं अक्षर आलं. हौसा त्या अक्षराकडे बघत राहिली.
विलास दारात उभा होता. आत येईना. तीच गेली. काय बोलले ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, "दात कवा पडला रं?"
कॅनमधला रस बारा पेल्यांत वाटला. नाही, अकरा. एक झाकून ठेवला.

बुध. २६ मार्च
बारा खाटांपैकी आठ फॉर्म गेले. चार घरं नाहीच म्हणाली. त्यांना मी बोल लावू शकत नाही.
जुनं रजिस्टर काढलं. साहेबांना फोन करून विचारलं, पुसू का. म्हणाले, "पुसू नका, बाबा. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहा, सही करा." ज्यांनी होकार दिला तेवढ्यांचंच. पहिली रेघ वि.च्या ओळीवर. खूण होती जोडवं, हौसाच्या पायातलं समोर दिसलं म्हणून काढलेली. बाजूला पुरं नाव. 'का.'वर रेघ, बाजूला लिहिलं. अक्षर बिघडलं. बिघडू दे.

रवि. ३० मार्च
पाडवा. नानाने मागाच्या जुन्या काठीला गुढी बांधली, वर स्टीलचा तांब्या. कडुनिंब सगळ्यांना. शेवंताकाकूचा धाकटा परत आलाय, कालपासून. थंडी वाजतेय त्याला, तीन पांघरुणं.
उद्या ईदची सुट्टी. म्हणजे ३१ तारीख अशीच गेली. कुलपाची किल्ली सरांच्या खिशात. दोनदा खिसा चाचपताना पाहिलं.

बुध. २ एप्रिल
कुलूप लावलं नाही. उघडं ठेवायचं कुणी सांगितलेलंही नाही. सरांनी जिल्ह्याला फोन केला. साहेबांची बदली व्हायची आहे म्हणे. फाईल वर गेली आहे, वरून आली नाही. "नाकारलेली नाही," एवढं म्हणाले. नाना म्हणतो पंधरा दिवसांचं धान्य आहे, कण्या धरल्या तर अठरा. डॉ. मॅ. उद्या येतो म्हणाल्या.
वि. अजून इथे. चौथा महिना सुरू. हौसाचा फोन नाही. या आठवड्यात रसाचा कॅनही आला नाही. का आला नाही, ते विचारायचा धीर होत नाही.
दुपारी पायरीवर म्हाकूबाई. परत कोंबडी, ही दुसरी. नवरा बरा झाला, सरकारी दवाखान्यात. कोंबडी चिठ्ठी लिहून दिल्याबद्दल. बसली. पाणी प्याली. मग तोच प्रश्न, अडीच महिने मनात ठेवलेला.
"ती दुसऱ्या जातीची कावीळ सांगणार हुता."
आज वडाप नव्हती सुटायला.
सांगितलं. "कावीळ न्हाई बाई. हितं नशा सोडवत्यात. पावडर, गोळ्या, सुई. मी खोटं लिवत हुतो."
उठून जाईल वाटलं. गेली नाही. कोंबडीचे पाय सोडले, परत बांधले.
"थोरला माजा मेंढरं घिऊन घाटाखाली जायाचा," म्हणाली. "तितं डायवर लोकं गोळ्या देत्यात. औंदा मेंढरं परत आली. त्यो आला, पर..." मग, "किती दिस ठिवता?"
काय सांगू? चार महिने म्हणू, की अठरा दिवस? म्हणालो, "शेड उघडं हाय तवर." तिने मान हलवली, जणू तेवढं पुष्कळ.
रजिस्टर उघडलं. नाव विचारलं.
"नाव बाजारादिवशी सांगते. त्याला इचारून. त्याचं हाय न्हवं नाव."
गेली. कोंबडी ठेवून गेली. नाना सुरी शोधतोय, वि. म्हणतो अंडी देईल, राहू दे.
नवीन पानावर नावाची जागा मोकळी सोडली आहे. खूण काढली नाही. रोगाचा रकाना मात्र भरून ठेवला, पुरा आणि खरा शब्द, 'का.' नव्हे.